बळ पसायदानाचे

मैत्रिणींनो, देवापुढे हात जोडले की आपली यादी सुरू होते. मुलाचे मार्क, नवऱ्याची बढती! ज्ञानेश्वर माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण केली, तेव्हा पसायदानात मागितलं ते सगळ्या जगासाठी. दुष्टांचा नाश होऊ दे, असंही नाही. त्यांचा दुष्टपणा जावा, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, एवढंच.

वस्तीत काम करताना मला याचाच आधार वाटतो. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईच्या दारात जायचं म्हणजे पोटात गोळा येतो. मग मनात पसायदान म्हणते. भांडण त्या माणसाशी नाही, त्याच्या वागण्याशी आहे, हे उमगलं की आवाज कापत नाही. तिला घेऊन पोलीस चौकीत जायचं धाडसही येतं.

आज दिवा लावल्यावर दुसऱ्या कुणासाठी तरी मागून बघा.