गिधाडे आणि चार शेजारी

गिधाड हा आपल्याकडे कुणाच्या कौतुकाचा पक्षी कधीच नव्हता. शिवी द्यावयाची झाली म्हणजे त्याचे नाव उपयोगी पडे, इतकेच. तथापि गावाबाहेर ओढून टाकलेले मेलेले जनावर गिधाडांचा थवा पाहता पाहता साफ करी, आणि या कामाची मजुरी त्याला कुणी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मुंबईच्या पारशी समाजाला मात्र त्याचे मोल ठाऊक होते. दोखम्यांवर गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा तेथे अंत्यविधीचाच प्रश्न उभा राहिला.

हे संकट प्रथम नजरेस आले ते राजस्थानात, भरतपूरच्या केवलादेव उद्यानात. विसावे शतक संपत आले असता तेथील गिधाडे माना टाकून बसू लागली आणि पुढे झाडाखाली मरून पडलेली आढळू लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरले. लांब चोचीची व बारीक चोचीची गिधाडे शंभरात तीनच्या आसपास राहिली. एखादी साथ असावी, असा तर्क आरंभी करण्यात आला होता.

खरे कारण सापडले ते सरहद्दीपलीकडे. पाकिस्तानातील पंजाबात लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी मेलेली गिधाडे तपासीत होते. पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती आणि आतील अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा युरिक आम्लाचा थर बसला होता. हे काम डायक्लोफेनॅकचे! गुरांच्या सुजेवर व दुखण्यावर टोचण्यात येणारे हे एक स्वस्त औषध. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला, आणि भरतपूरच्या कोड्याची उकल लाहोरच्या बाजूने आली.

येथे श्रोत्यांपैकी कुणी विचारील, की अशी किती गुरे औषध टोचल्यावर लगेच मरत असतील? फारच थोडी. परंतु हिशेब असा निघाला, की शंभर मृत जनावरांत एकाच्याही अंगात प्राणघातक मात्रा नसली, दोनशे-तीनशेंत एखाद्याच्याच असली, तरी एवढा संहार होऊ शकतो. एका जनावरावर डझनावारी गिधाडे उतरतात, आणि मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. मरण घाऊक, जन्म किरकोळ.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. गिधाड अन्नाच्या शोधात शेकडो मैल घिरट्या घालते. नेपाळच्या तराईत घरटे असलेल्या पक्ष्याने बिहारातील गुरावर चोच मारली, तर नेपाळच्या बंदीचा त्याला काय उपयोग? म्हणून २००६ साली भारत, नेपाळ व पाकिस्तान या तिघांनीही गुरांसाठी हे औषध बंद केले. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध हाताशी होते, हे येथे विसरता कामा नये. पर्याय दिल्यावाचून शेतकऱ्याला आजारी बैलाकडे नुसते पाहत बस म्हणणे शहाणपणाचे नव्हे. बांगलादेशाने २०१० मध्ये बंदी घातली. २०१२ च्या मे महिन्यात चारही सरकारांचे प्रतिनिधी दिल्लीत एकत्र बसले व त्यांनी एक प्रादेशिक जाहीरनामा मान्य केला. इतर बाबतींत ज्यांचे फारसे पटत नाही, ते गिधाडासाठी एका टेबलाशी आले, याचे आम्हांस विशेष वाटते.

कागदावरची बंदी गोठ्यापर्यंत पोचणे ही वेगळी गोष्ट. माणसांसाठी हे औषध चालूच होते, आणि त्याच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी खपत होत्या. २०१५ साली भारताने माणसांसाठीची कुपी तीन मिलिलिटरची ठरविली, म्हणजे म्हशीला टोचावयाचे तर किती कुप्या फोडाव्या लागतील, ते पाहा. नेपाळातील पिठौली गावाने निराळीच युक्ती काढली. म्हातारी गुरे घेऊन ती मरेतो सांभाळावयाची, त्यांना घातक औषध द्यावयाचे नाही, आणि मेल्यावर गिधाडांपुढे ठेवावयाचे. या व्यवस्थेला त्यांनी ‘जटायू रेस्टॉरंट’ असे नाव दिले. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा सरकारच्या साहाय्याने पिंजोर येथे पिंजऱ्यात गिधाडांची पैदास केली.

आणि औषधे तरी एकच आहेत काय? केटोप्रोफेनही गिधाडांना मारते. ते बांगलादेशाने २०२१ मध्ये देशभर बंद केले. पहिल्या बंदीत चार वर्षे मागे राहिलेला हा शेजारी या वेळी पुढे गेला. भारताने तीच बंदी, ॲसिक्लोफेनॅकसह, २०२३ साली घातली. मधल्या दोन वर्षांत सुंदरबनाच्या बाजूने इकडे उडून आलेल्या गिधाडापुढे केटोप्रोफेन टोचलेले गुरू पडलेले असणे शक्य होते, आणि त्यावर येथील कायद्याची कोणतीच हरकत नव्हती.