साग, रेझिन आणि गोदेचे पाणी

जुना वाडा पाहताना लोकांची मान वर जाते. नाशिकच्या सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा असो की चांदवडचा होळकरांचा रंगमहाल, नक्षी वरच असते. लाकूड कळायचे असेल तर मात्र खांबाच्या पायाशी बघावे. वाड्याचा लाकडी खांब जमिनीत पुरत नसत. खाली दगडी जोते, त्यावर तळखडा आणि मग खांब. सागावर कितीही भरवसा असला, तरी ओल चढू द्यायची नाही हे सुताराला ठाऊक होते.

सागाच्या गाभ्यात तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. वाळताना तो फारसा आक्रसत नाही, त्यामुळे दार चौकटीत नीट बसते. हे गुण गाभ्याचेच. बाहेरचा पांढरट भाग वाळवी आनंदाने खाते. ‘अस्सल सागवान’ म्हणून दार घेताना तो भाग किती आहे, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळाच. बाकी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत सागाबरोबर ऐन आणि खैरही आहेत. ऐन तुळयांना चाले, बाभूळ बैलगाडीच्या चाकांना आणि औतांना. आंब्याची फळी स्वस्तातली. तिचे ठिकाण शटरिंग आणि खोकी.

आता घरात सबंध लाकूड उरले ते बहुधा मुख्य दाराला. त्याला किमतीइतकेच कायद्याचेही कारण आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीला आणि विनापरवाना सॉ मिलना लगाम घातला. जंगलातल्या ओंडक्यांवर चालणारा प्लायचा धंदा मग शेतात लावलेल्या पॉपलर-निलगिरीकडे वळला. हरियाणातले यमुनानगर त्यावरच मोठे झाले.

प्लाय करताना ओंडका गोल फिरवत पेन्सिल तासावी तसा त्याचा पातळ पापुद्रा काढतात. पापुद्र्यांची संख्या विषम, आणि एकाचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे, म्हणून फळी सहजी वाकत नाही. पण ती पाण्यात टिकेल की नाही, हे ठरते पापुद्रे चिकटवणाऱ्या रेझिनवर. ‘कमर्शियल’ प्लायमध्ये साधारणतः युरिया फॉर्मल्डिहाइड असते. ते दमटपणा सोसते, साचलेले पाणी नाही. मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड. आयएस ७१० या मानकानुसार त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. दुकानदाराच्या तोंडच्या ‘वॉटरप्रूफ’पेक्षा फळीवर छापलेला आयएसचा आकडा वाचावा.

उंच कपाटाच्या दाराला ब्लॉकबोर्ड बरा. आत लाकडी पट्ट्या असल्याने तो कमी वाकतो. एमडीएफवर कोरीवकाम आणि रंग सुरेख बसतो, पण कडेने स्क्रू मारला की तो फाटतो. पार्टिकल बोर्ड भुशा-चिपांचा. पुरात गोदेचे पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला वेढून बाजारात शिरते तेव्हा तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. नदीकाठच्या गाळ्यात तो वापरणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

नाशिक जिल्ह्यातली निर्यातीची द्राक्षे ज्या पॅलेटवर जातात, त्याच्या लाकडाला मात्र निराळा नियम भेटतो. पॅलेट साध्या पाइनचे असेल, तर किडीच्या भीतीने लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावा लागतो, किंवा दुसरी मान्य प्रक्रिया करावी लागते. मग आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का. निव्वळ प्लायच्या पॅलेटला या शिक्क्यातून सूट आहे, कारण उष्णता आणि दाबाखाली चिकटवताना त्यातली कीड आधीच मेलेली असते.