‘एल्डन रिंग’ संपला, आता पुढे काय?

सुट्टी लागली की कोल्हापुरातल्या पोरांचा प्रश्न ठरलेला: ‘एल्डन रिंग’ झाला, आता कोणता गेम? खेळ किती अवघड आहे यापेक्षा तो कशामुळे अवघड आहे, हे आधी बघा.

डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. वार त्याहून जलद आला तर कुणीच वाचणार नाही. म्हणून गेम बनवणारे वाराआधी खूण ठेवतात: शत्रूचा खांदा मागे जातो, तलवार क्षणभर वर थांबते. पुन्हा पुन्हा मेल्यावर मेंदू ती खूण पकडतो आणि बोट आधीच तयार राहतं. मोतीबाग तालमीतला पैलवान समोरच्याच्या पायावरून डाव ओळखतो, तसंच हे.

२०१९चा ‘सेकिरो’ याच तालावर उभा आहे. तलवारीला तलवार नेमक्या क्षणी भिडवायची. नुसती लेव्हल वाढवून सुटका नाही. ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) राक्षस जड गेला तर दुसरीकडे भटका, ताकद कमवा, परत या. दोन्ही फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचेच. ‘एल्डन रिंग’मधली लढाई आवडली असेल तर डोळे झाकून ‘सेकिरो’ घ्या. भटकंती आणि शस्त्रं जमवणं आवडलं असेल तर २०११चा ‘डार्क सोल्स’.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) मात्र मला फार जवळचा. तो ‘एल्डन रिंग’सारखा रोल-प्लेइंग नाही, लहानही आहे. पण दुर्गेचं त्रिशूळ घेऊन खांबाभोवती गिरकी मारत असुरांवर तुटून पडणारी त्यातली पोरगी एकदा खेळून बघाच.