वांग्याला नाक मुरडणाऱ्यांसाठी चायनीज वांगं

“आज भाजी काय?” “वांगं.” एवढ्या दोन शब्दांवर निम्म्या घराचा मूड जातो. मग आवडणाऱ्यांसाठी वांगं, न आवडणाऱ्यांसाठी बटाटा, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला दोन-दोन कढया घासायला. गंमत अशी की वांग्याला नाक मुरडणारी हीच मंडळी संध्याकाळी गाडीवरची गोबी मंचुरी बोटं चाटून खातात. म्हणजे अडचण भाजीची नाहीच. त्यांना हवाय तो आंबट-गोड-तिखट चकचकीत सॉस. मग तो सॉस वांग्यालाच का लावू नये?

मी राहते ते आनेकल बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला आहे, पुढे अत्तिबेले ओलांडलं की तमिळनाडू. इथे गोबी मंचुरीची गाडी शोधावी लागत नाही, वासच बोलावून नेतो. पण मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ते तुम्हाला आठवत असेल. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत असे रंग सापडले होते. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन अशी त्यांची नावं. लहान मुलं आठवड्यातून दोनदा हे खात असतील, तर घरी पर्याय असायलाच हवा. तोही असा, की मुलांनी “गाडीवरचंच हवं” म्हणून रुसून बसू नये.

बरं, मंचुरियनचा चीनशी संबंध तसा दूरचाच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. पण वांग्याचं मात्र तसं नाही. चिनी घरांत वांगं खरोखर रोजचं आहे, आणि तेही फार जुन्या काळापासून.

दीड हजार वर्षांपूर्वीची भाजी

वांगं मुळात आपल्याकडचं, म्हणजे भारत आणि आग्नेय आशियाच्या पट्ट्यातलं, असं अभ्यासक मानतात. चीनमध्ये त्याची नोंद इ.स.पू. ५९ मध्ये सापडते, आणि ती नोंद मोठी मजेदार आहे. वांग बाओ नावाच्या लेखकाने एका आगाऊ नोकराला वठणीवर आणायला कामांची लांबलचक यादी असलेला करार लिहिला. त्या यादीत वांग्याची रोपं लावणं आणि कांद्याची पात वेगळी करणं ही कामंही आहेत. ही गोष्ट सिचुआन प्रांतातली, म्हणजे आज आपण जी भाजी करणार आहोत तिच्याच गावची.

त्यानंतर सहाव्या शतकात ‘छीमिन याओशू’ हा शेतीवरचा मोठा ग्रंथ आला. त्यात वांग्याची चक्क रेसिपी आहे. बिया न धरलेली कोवळी वांगी घ्या, बांबूच्या किंवा हाडाच्या सुरीने चार फाका करा, गरम पाण्यातून काढून उग्र वास घालवा, तेलात कांद्याची पात परतून खमंग करा, सोयाचं पातळ रसायन आणि वांगी घालून शिजवा, वरून सिचुआन मिरी आणि आलं. बांबूची सुरी का? तर लोखंडाने वांगं काळं पडतं, असं ग्रंथकार बजावतो. आपल्या आज्या चिरलेलं वांगं लगेच मिठाच्या पाण्यात टाकतात, ते याच कारणाने. वांग्यातले काही घटक हवा लागली की काळे पडतात, आणि लोखंड लागलं की आणखी लवकर. आज स्टीलच्या सुऱ्या आहेत, त्यामुळे बांबू शोधत बसू नका. पाण्याचं पातेलं मात्र शेजारी ठेवा.

आणि ती सिचुआन मिरी? कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी आपला मसाल्याचा डबा उघडून बघावा. बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ तिचं सख्खं चुलत भावंडं आहे. जिभेला मुंग्या आणणारा तोच गुण, झाडाचं कुळही तेच.

नावात मासा, ताटात नाही

सिचुआनच्या सगळ्यात प्रसिद्ध वांग्याचं नाव आहे ‘यूश्यांग छिएझ’. शब्दशः अर्थ ‘माशाच्या सुगंधाचं वांगं’. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, यात मासा नसतो. तिकडे मासे करताना जे आलं, लसूण, कांद्याची पात, आंबवलेली मिरची, साखर आणि व्हिनेगर वापरतात, तोच मसाला वांग्याला लावला म्हणून हे नाव. मात्र चीनमध्ये आणि हॉटेलांत या भाजीत अनेकदा खिमा घालतात. त्यामुळे बाहेर मागवताना विचारून घ्या.

खरी सावधगिरी बाटल्यांच्या बाबतीत हवी. ऑयस्टर सॉस हा खरोखर कालवांपासून होतो. ‘चायनीज सॉस आहे, शाकाहारीच असणार’ असं धरून चालू नका. लेबलवरचा हिरवा ठिपका बघा. घरात गव्हाची किंवा सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर सोया सॉसचंही लेबल वाचा, कारण बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो.

मूळ भाजीचा जीव म्हणजे दोबानज्यांग. बाकल्याच्या बिया आणि मिरच्या मिठात मुरवून केलेली लाल पेस्ट, छंगदू शहराजवळच्या फीश्येनची नावाजलेली. ती आनेकलच्या किराणा दुकानात मिळणार नाही, ऑनलाइन मिळेल. नसेल तर अडून राहू नका. आपल्या हाताशी ब्याडगी मिरची आहे. हावेरी जिल्ह्यातली ही मिरची रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची, म्हणजे बाटलीतल्या रंगाची गरजच उरत नाही. मुरलेपणाची चव थोडी कमी पडेल, हे मान्य. ती सोया सॉसने बऱ्यापैकी भरून निघते.

वांगं तेल का पितं?

वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. त्यात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. गरम तेलात पडताच त्या पोकळ्यांतली हवा जाते आणि जागा तेल घेतं. म्हणून कढईत कितीही तेल ओता, दोन मिनिटांत कढई कोरडी. हॉटेलात सरळ तळून काढतात. घरी बाबांचं कोलेस्टेरॉल आणि तेलाचा डबा, दोन्ही सांभाळायचं असतं. उपाय सोपा आहे: तेलात टाकण्याआधीच त्या पोकळ्या मिटवून टाका. मीठ लावून पाणी काढा किंवा आधी वाफवा. मग तेल निम्म्याहून कमी लागतं.

बाजारात लांब, सडपातळ, जांभळी वांगी बघा. साल तुकतुकीत हवी, देठ हिरवा, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं वाटायला हवं. जड वांगं म्हणजे आत बिया. भरताचं मोठं वांगं यासाठी नको, ते लगेच गळतं. भाजीवाल्याकडे किंवा हॉपकॉम्सच्या दुकानात ‘उद्द बदनेकायी’ म्हणा, लांब वांगी पुढ्यात येतील. (कन्नडमध्ये वांगं म्हणजे बदनेकायी, पण इथल्या प्रत्येक हॉटेलात मिळणाऱ्या भाताचं नाव मात्र वांगीभात! आपला शब्द इथे येऊन कायमचा मुक्कामी राहिलाय.)

आता कढई चढवा

चार जणांसाठी अर्धा किलो वांगी घ्या. बोटाएवढे लांब तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला साल राहू द्या. एक चमचा मीठ चोळून वीस मिनिटं चाळणीत ठेवा, मग एकदा पाण्याने धुऊन हाताने हलकेच पिळा आणि फडक्यावर कोरडे करा. धुण्याचा कंटाळा करू नका, नाहीतर पुढे सोया सॉस पडल्यावर भाजी खारट होईल. वरून एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरा. हा पातळ थर तेलही अडवतो आणि सॉसही धरून ठेवतो.

पसरट कढईत दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवा. तुकडे सालीच्या बाजूने खाली ठेवा, म्हणजे जांभळा रंग टिकतो. एकदम गर्दी करू नका, दोन घाण्यांत करा. सहा-सात मिनिटांत बाहेरून सोनेरी आणि आतून मऊ झाले की काढून घ्या.

दरम्यान पाच-सहा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटून ठेवा. एका वाटीत सोया सॉस, व्हिनेगर आणि साखर प्रत्येकी एक मोठा चमचा, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्धा कप पाणी ढवळून घ्या. साखरेऐवजी गूळ घातलात तर चिनी काळ्या व्हिनेगरच्या जरा जवळ जाता येतं. मला तरी गुळाचीच चव जास्त आवडते.

त्याच कढईत आणखी एक चमचा तेल. आठ लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं, दोन्ही बारीक चिरून, मंद आचेवर. त्यात मिरचीचं वाटण. इथे घाई नको. तेलाला लाल रंग सुटेपर्यंत परता, सगळी चव इथेच तयार होते. मग वाटीतलं मिश्रण पुन्हा ढवळून ओता. मिनिटभरात सॉस दाटून चमकायला लागेल. आता वांगी घाला, दोनदा उलटवा, वरून भरपूर कांद्याची पात. आच बंद. जास्त शिजवलं तर चायनीज वांगं नाही, चायनीज भरीत होईल.

वरून मीठ घालू नका. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठी दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. चार जणांत वाटलं की ते चालून जातं. पण घरात रक्तदाबाची गोळी घेणारं कुणी असेल तर सोया सॉस अर्धा करा आणि व्हिनेगर वाढवा. आंबटपणा वाढला की मिठाची कमतरता जाणवत नाही.

आजी-आजोबांसाठी वाफवलेलं

दुसरा प्रकार त्याहून सोपा, आणि माझ्या मते जास्त चविष्ट. वांगी उभी दोन भाग करून इडलीपात्रात पंधरा मिनिटं वाफवा. गार झाली की हातानेच लांब लांब धागे काढा. ठेचलेला लसूण, दोन छोटे चमचे सोया सॉस, तेवढंच व्हिनेगर, चिमूटभर साखर वर घाला आणि एक चमचा कडकडीत तेल लसणावर ओता. भाजलेले तीळ जाडसर कुटून भुरभुरा. चिनी तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं. आपल्या सीमेवरच्या दुकानांत मिळणारं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं, त्याला तो वास नाही. म्हणून कुटलेले तीळच बरे. दातांचा त्रास असलेल्यांना हे मऊसूत वांगं गरम भातावर फार आवडतं.

उत्तर चीनमध्ये वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची एकत्र परतून ‘दी सान श्येन’ करतात, म्हणजे जमिनीतून आलेल्या तीन ताज्या गोष्टी. वांगंवाले आणि बटाटावाले एका ताटात आणायचे असतील तर ही भाजी करा. सॉस वरचाच, फक्त मिरचीचं वाटण वगळायचं. बटाटा आधी उकडून घ्या.

तुमच्याकडे चातुर्मास पाळत असतील तर कांदेनवमीपर्यंत हे सगळं उरकून घ्या. पुढे लसूण नाही, वांगंही नाही, आणि काही घरांत तर चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच वांगं पुन्हा घरात येतं. एरवी रात्री केलेलं वांगं उरलंच, तर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी पोळीत गुंडाळून, सोबत कच्चा कोबी बारीक चिरून, डब्यात द्या. डब्यात काय आहे ते मुलांना आधी सांगू नका.