आडनाव सोडा, वाडा धरा

गगनबावड्याहून करूळ घाट उतरलं की कोकण लागतं, आणि तिथून दक्षिणेला गोवा. घाटावर येऊन राहिलेल्या ज्या कॅथलिक घराण्यांचं मूळ गोव्यात आहे, त्यांना पूर्वज शोधायला पुन्हा खालीच जावं लागतं. गोव्यात सरकारी नोंदणी सुरू झाली ती १९१४ मध्ये. त्याआधीचा जन्म, लग्न, मरण, सगळं चर्चच्या वहीत.

या वह्यांमागे रोमचा हुकूम आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली लग्नाची नोंद ठेवणं धर्मगुरूवर बंधनकारक केलं; मृत्यूच्या नोंदीचा नियम १६१४ चा. अनेक गावांच्या जुन्या वह्या आज पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. हे दप्तर १५९५ चं, आणि त्याचा पहिला दप्तरदार इतिहासकार दियोगु दु कोउतु.

शोधणारा आडनाव धरून निघतो आणि तिथेच फसतो. धर्मांतराच्या वेळी आडनाव मिळे ते बहुधा धर्मपित्याचं, नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघू शकतात, आणि एकाच गावातले दोन परेरा एकमेकांचे कोणीच नसतात. परेरा म्हणजे पोर्तुगीज रक्त, हा समज तर सोडूनच द्यावा. त्यापेक्षा गाव, वाडा आणि धर्ममातापिता यांची नावं टिपावीत.

माझ्या मते खरा खजिना मात्र बाप्तिस्म्याच्या वहीत नाही, लग्नाच्या परवानगीच्या कागदांत आहे. चौथ्या पिढीपर्यंतच्या नात्यात लग्नाला चर्चची मनाई होती. गाव लहान, जात तीच, त्यामुळे नातं निघायचंच. मग सूट मागायची आणि ती मागताना दोघांचा समान पूर्वज कोण हे उलगडून सांगायचं. घराण्याने स्वतःसाठी कधी वंशावळ मांडली नसेल, पण ही सूट मागताना मांडावीच लागे.

त्याच्याही मागे जायचं तर चर्च सोडून गावकरीच्या, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेच्या, दप्तराकडे वळावं लागतं. तिथे घराणी वांगडांप्रमाणे, म्हणजे गावकरांच्या मूळ कुळांप्रमाणे, येतात. जुने काही कागद गोयकानडी लिपीत आहेत. धर्म बदलला तरी गावकराचा हक्क सुटत नसे, म्हणून नव्या नावाचा माणूस जुन्या वांगडात सापडू शकतो. पण हा हक्क बापाकडून मुलाकडे जाई. बायकांची नावं वांगडाच्या यादीत नसतात. बायकांचा माग चर्चच्या वहीपाशीच संपतो.