वाळवंटातील रात्रीचे रेल्वे छायाचित्रण

वस्तीपासून दूरच्या मरुप्रदेशातून रात्री धावणाऱ्या आगगाड्या, लोहमार्ग आणि त्यावरील प्रकाशसंकेत यांची छायाचित्रे घेण्याचे तंत्र. शहरातील स्थानकात रात्रीही उजेड पुष्कळ असतो. वाळवंटात मात्र चंद्र व तारे सोडल्यास दृश्यातील जवळजवळ सर्व प्रकाश रेल्वेचाच असतो. एंजिनाचा दिवा, संकेताचा रंगीत दिवा किंवा कर्मचाऱ्याच्या हातातील कंदील हे कोणाला तरी वाट दाखविण्यासाठी वा सूचना देण्यासाठी लावलेले असतात. हा प्रकाश टिपताना त्याच्या कार्यात व्यत्यय येऊ न देणे आणि त्याचा अर्थ बदलू न देणे, या दोन अटी या तंत्रात पाळाव्या लागतात.

प्रदेश : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोहावी वाळवंट हे या छायाचित्रणाचे एक प्रमुख क्षेत्र आहे. कॅलिफोर्निया राज्यातील मोहावी गावापासून कोलोरॅडो नदीकाठच्या नीडल्सपर्यंतचा लोहमार्ग १८८३ मध्ये पूर्ण झाला. पुढे तो सँता फे रेल्वेकडे आला आणि १९९० नंतरच्या दशकातील विलीनीकरणानंतर त्याचा बराचसा भाग बीएनएसएफ रेल्वेच्या शिकागो–लॉस अँजेल्स या मुख्य मार्गात समाविष्ट झाला. या मार्गावरील अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स ही ठिकाणे पूर्वेकडे जाताना इंग्रजी वर्णक्रमाने येतात. येथील हवा कोरडी व स्वच्छ असल्याने आणि लोहमार्गाचे काही भाग लांबवर सरळ असल्याने एंजिनाचा दिवा कित्येक किमी. अंतरावरून दिसतो. मालगाड्यांची वाहतूक रात्रंदिवस चालू असते व अनेक गाड्या दोन किमी.हूनही लांब असतात.

प्रकाशसंकेत : स्वयंचलित संकेतांचा पाया असलेले रूळमंडल विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने १८७२ मध्ये शोधून काढले. मार्गाच्या प्रत्येक खंडात रुळांतून क्षीण विद्युत् प्रवाह वाहत असतो. गाडी त्या खंडात शिरली की, तिची चाके व आस यांमुळे दोन्ही रूळ जोडले जाऊन रिलेकडे जाणारा प्रवाह खंडित होतो आणि संकेत लाल होतो. रूळ तुटला किंवा घटमाला संपली, तरी हाच परिणाम होतो. हिरवा दिवा मार्ग मोकळा असल्याचे, तर पिवळा दिवा पुढील संकेतापाशी थांबण्याची तयारी ठेवण्याचे सुचवितो. वीज वाचविण्यासाठी अनेक ठिकाणी गाडी जवळ आल्यावरच दिवा लागण्याची योजना असते. त्यामुळे काळोखात अचानक उजळलेला संकेत छायाचित्रकाराला गाडी येत असल्याची पहिली वर्दी देतो.

उद्भासन : संवेदक पृष्ठावर प्रकाश पडू देण्याच्या क्रियेला उद्भासन म्हणतात. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतका (१/४,००,०००) असतो. अशा प्रकाशात ४०० आयएसओ संवेदनक्षमता व एफ/४ द्वारक ठेवल्यास भूदृश्यासाठी सु. अर्धे ते एक मिनिट उद्भासन लागते व त्यासाठी कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवावा लागतो. याउलट, अमेरिकेतील नियमांनुसार एंजिनाच्या मुख्य दिव्याची दीप्ती किमान २,००,००० कँडेला असावी लागते. एकाच चित्रात या दोन टोकांचा मेळ घालावयाचा असल्याने छायाचित्रकार पुष्कळदा गाडी दूर असतानाच झडप बंद करतो, अथवा ती निघून जाताना झडप उघडतो. फिल्मची संवेदनक्षमता दीर्घ उद्भासनात घटते. अंकीय संवेदकात हा दोष नसला, तरी उन्हाळ्यातील उष्ण रात्री त्यात निर्माण होणारे विद्युतीय कण चित्रात उमटतात.

दीर्घ उद्भासनात गाडीचे दिवे प्रकाशरेषांच्या रूपाने उमटतात. संकेताच्या बाबतीत मात्र याहून गंभीर प्रश्न उद्भवतो. जुन्या ‘सर्चलाइट’ प्रकारच्या संकेतात एकाच भिंगामागे रंगीत काचा सरकत असत. झडप उघडी असताना गाडी अशा संकेतापुढून गेल्यास आधीचा हिरवा व नंतरचा लाल प्रकाश एकाच जागी नोंदला जाऊन चित्रात पिवळा दिवा दिसू शकतो. प्रत्यक्षात तो कधीच लागलेला नसतो. तीन दिव्यांच्या संकेतात लाल व हिरवा हे दोन्ही एकदम लागलेले दिसतात. म्हणून ज्या चित्राकडे नोंद म्हणून पाहावयाचे, त्यात संकेत बदलण्यापूर्वी झडप बंद करणे किंवा उद्भासनाचा काल नमूद करणे आवश्यक असते.

इतिहास : जॅक डेलॅनो (१९१४–९७) यांनी मार्च १९४३ मध्ये अमेरिकी शासनाच्या युद्ध माहिती कार्यालयासाठी सँता फे मार्गाने शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास करून छायाचित्रे घेतली. लॉस अँजेल्स येथील रेल्वे आवाराच्या रात्रीच्या चित्रात जाड प्रकाशरेषा एंजिनांच्या दिव्यांच्या, तर बारीक रेषा सांधेवाल्यांच्या कंदिलांच्या आहेत. युद्धकालीन अंधारनियमांमुळे हे सर्व दिवे वरून झाकलेले होते. ओ. विन्स्टन लिंक (१९१४–२००१) यांनी १९५५–६० या काळात पूर्वेकडील नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरील वाफेच्या एंजिनांची चित्रे एकाच वेळी पेटणाऱ्या अनेक क्षणदीपांच्या साहाय्याने घेतली. हे काम रेल्वेच्या सहकार्याने झाले. पश्चिमेकडील पर्वत व वाळवंटांतील रात्रीच्या चित्रणासाठी रिचर्ड स्टाइनहायमर (१९२९–२०११) प्रसिद्ध आहेत.

१२ सप्टेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील चॅट्‌सवर्थ येथे एक प्रवासी गाडी लाल संकेत ओलांडून मालगाडीवर आदळली व २५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्यान्वये गाडी आपोआप थांबविणारी नियंत्रणयोजना २०२० अखेर सु. ९२,५०० किमी. मार्गावर बसविण्यात आली. या कामात जुने सर्चलाइट संकेत मोठ्या प्रमाणावर काढले गेले. त्यामुळे त्यांची विश्वसनीय छायाचित्रे आता तंत्रेतिहासाची साधने ठरली आहेत.

सुरक्षितता : समोरून येणाऱ्या दिव्यावरून गाडीचे अंतर व वेग यांचा अंदाज डोळ्यांना करता येत नाही. ताशी ११३ किमी. वेगाची गाडी एक किमी. अंतर सु. ३२ सेकंदांत कापते. लोहमार्गाची जागा खाजगी मालकीची असल्याने छायाचित्रण सार्वजनिक रस्त्यावरून करावे लागते. क्षणदीपाने चालकाचे डोळे दिपण्याचा धोका असतो. तसेच मार्गाजवळ जोराने हलविलेला कोणताही दिवा चालकाने थांबण्याची खूण मानावा, असा रेल्वेचा नियम आहे. साहित्य शोधण्यासाठी इकडेतिकडे फिरविलेल्या विजेरीनेही गाडी थांबू शकते. म्हणून गाडी दिसण्यापूर्वीच सर्व तयारी करून आपले दिवे मालविणे, ही या छायाचित्रणातील पहिली शिस्त मानली जाते.