कॅम्पातले चर्च आणि बदलीचे बिशप

१९५५ ते १९९५ अशी चाळीस वर्षे अमरावतीच्या कॅथलिकांना एकच बिशप होते. पुढच्या तेवीस वर्षांत तीन झाले आणि तिघांचीही येथून बदली झाली. एक औरंगाबादला गेले, एक नाशिकला, एक नागपूरला. वऱ्हाडातल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. तहसीलदार, डॉक्टर, वनाधिकारी येतात, सामान पुरते उघडत नाहीत आणि ऑर्डर निघते, हे आपण जन्मभर पाहतो. पण चर्चसारख्या, बाहेरून अचल दिसणाऱ्या संस्थेलाही हीच रीत लागू होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अमरावतीचे मूळ गाव परकोटाच्या आतले. पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधलेला तो कोट, त्याचे दरवाजे आणि खिडक्या अजून पत्ते सांगायला कामी येतात. कॅम्प ही त्याबाहेरची वस्ती: साहेबांचे बंगले, कचेऱ्या, रुंद रस्ते, झाडे. या बिशपांचे, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे चर्च शहराच्या या बाहेरच्या अंगाचे. गाव वाढत गेले आणि कॅम्प मधोमध आला, तरी जुना अमरावतीकर तिकडे जायचे म्हणजे आजही ‘कॅम्पात जाऊन येतो’ असे परगावी निघाल्यासारखे सांगतो.

कॅथलिक धर्म इथे कोकणासारखा समुद्रावाटे आला नाही. तो आला छावणीच्या आणि रुळांच्या वाटेने. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. एलिचपूरला, म्हणजे आताच्या अचलपुरात, फौजेची छावणी होती. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात भुसावळकडून आलेली रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. गार्ड, ड्रायव्हर, फोरमन यांत गोव्याचे होते, अँग्लो-इंडियन होते. त्यांना रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, हवी होती आणि पोरांना बाप्तिस्मा.

त्यांच्यामागे जे फादर आले ते फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे. पिएर मेर्मिए या धर्मगुरूने १८३८ मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी अनेसी गावात तो स्थापन केला. तेव्हा अनेसीचा सॅव्हॉय प्रांत सार्डिनियाच्या राजाकडे होता. फ्रान्सला तो जोडला गेला १८६० मध्ये. संघाचे पहिले लोक १८४५ मध्ये भारतात आले आणि विशाखापट्टणमला स्थिरावले. तिथून कामठी-नागपूर आणि पुढे वऱ्हाड असा त्यांचा पसारा वाढला. १८८७ मध्ये नागपूर वेगळा धर्मप्रांत झाला. (या संत फ्रान्सिस द सेल्सना १९२३ मध्ये पोपने लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते ठरवले, कारण लोक प्रवचनाला येईनात तेव्हा ते हाताने लिहिलेली पत्रके घरोघरी दाराखालून सरकवत. आमच्या धंद्याला स्वतःचा संत आहे, हे किती संपादकांना ठाऊक असेल कोण जाणे.)

८ मे १९५५ रोजी नागपूरमधून काढून अमरावती हा निराळा धर्मप्रांत करण्यात आला. पहिले बिशप याच संघाचे, जोसेफ अल्बर्ट रोझारिओ. त्यांच्या वाट्याला आलेला मुलूख नकाशावर पाहिला तर आज छाती दडपते. वर मेळघाट, मध्ये पूर्णेचे खोरे आणि खाली मराठवाडा. अमरावती ते औरंगाबाद हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढचे, आणि तेही पन्नाशीतल्या रस्त्यांनी. १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबादचा धर्मप्रांत वेगळा काढला, तेव्हा कुठे अमरावती वऱ्हाडापुरती उरली. रोझारिओंच्याच कारकिर्दीत दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, लॅटिन मागे पडली आणि मिस्सा मराठीत म्हटली जाऊ लागली. मला हा बदल मुलूख तोडण्याहून मोठा वाटतो. अकोल्याच्या एखाद्या बाईला वेदीवर काय चालले आहे ते पहिल्यांदा कानाने कळले.

मराठी आली तरी प्रश्न सुटला असे नाही. चिखलदऱ्याजवळ मरियमपूर हे कॅथलिक मिशनचे जुने ठाणे आहे. मेळघाटातला कोरकू माणूस घरी कोरकू बोलतो, बाजारात हिंदी आणि पोराच्या शाळेत मराठी. बाहेरून आलेल्या फादरला यांपैकी निदान दोन शिकाव्या लागतात. शिकून होतात तोवर बदलीची वेळ येते.

रोझारिओंनंतर एडविन कोलासो आले. ते २००६ मध्ये औरंगाबादला गेले. २००७ मध्ये लूर्डस डॅनियल आले. २०१० मध्ये नाशिकला गेले. जवळजवळ दोन वर्षे खुर्ची रिकामी राहिली. २०१२ मध्ये वसईकडचे एलियास गोन्साल्विस आले. नागपूरचे आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा एप्रिल २०१८ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी गोन्साल्विसांची नेमणूक झाली. तारीख होती ३ डिसेंबर, म्हणजे नेमका संत फ्रान्सिस झेवियरचा सण. अमरावतीने आपल्या आश्रयदात्याच्या दिवशी आपला बिशप गमावला. पुन्हा रिकामा काळ आला आणि मग माल्कम सिक्वेरा आले.

खुर्ची रिकामी असते तेव्हा काय होते, हे चर्चच्या कायद्यात बारकाईने लिहिले आहे. आठ दिवसांच्या आत सल्लागार धर्मगुरूंनी एक प्रशासक निवडायचा. त्याने कारभार चालवायचा, पण नवे काही सुरू करायचे नाही. मिस्सेत पोपच्या नावामागे बिशपचे नाव घेतात, तेही या काळात गाळले जाते. नियम शहाणपणाचा आहे, यात शंका नाही. पण दोन-दोन वर्षे काहीही नवे करायचे नाही, हे थोड्या माणसांच्या, थोड्या पैशांच्या प्रांताला परवडत नाही. अमरावती ही पायरी झाली आहे आणि पायरीवर कोणी फार वेळ बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चभोवतीची मंडळी, चालते कशावर? कागदोपत्री सर्वाधिकार धर्मग्रामाच्या फादरचे. त्याच्या जोडीला लोकांची परिषद असते, पण तिचे मत केवळ सल्ल्यापुरते. पैशाअडक्यासाठी समिती मात्र सक्तीची. लोकांच्या हाती खरा अधिकार तुटपुंजाच, आणि ही तक्रार केवळ वऱ्हाडातली नाही. रोजचा गाडा सिस्टर, शिकवणी घेणारे प्रचारक आणि चार जुनी घरे ओढतात. नवा फादर आला की कोणाचे कोणाशी जमत नाही, कोणत्या घरी आजारी माणूस आहे, नाताळचा मांडव कोण घालतो, हे सगळे त्याला हीच घरे सांगतात.

दुसरा आधार म्हणजे वही. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्याच लागतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, आईबाप, धर्मपिता-धर्ममाता, संस्कार देणारा, जागा आणि तारीख. अकोल्यात बाप्तिस्मा झालेल्या मुलीने पुण्यात लग्न केले, तर पुण्याच्या फादरने अकोल्याला कळवायचे आणि अकोल्याच्या वहीत तिच्या नावापुढे लग्नाची नोंद चढायची. कोणी सिस्टर झाली किंवा फादर झाला, तरी तेच. माणूस कुठेही जावो, त्याचा हिशेब बाप्तिस्म्याच्या गावच्या त्या एका पानावर येऊन पडतो. सरकारच्या जन्म-मृत्यू नोंदणीलाही असे माणसामागे फिरणे जमलेले नाही.

शाळांबद्दल सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून थोडक्यात. अमरावतीची होली क्रॉस, अकोल्याची माउंट कार्मेल यांच्या वर्गांत कॅथलिक मुले मूठभर असतात; बाकी आपलीच, मराठा-कुणबी, माळी, बौद्ध, मारवाडी, मुसलमान घरांतली. या शाळांचा दबदबा असा की विदर्भात गल्लोगल्ली कॉन्व्हेंटच्या पाट्या लागल्या आणि त्यांतल्या बहुतेक चालकांनी सिस्टर जवळून पाहिलेलीसुद्धा नाही. पण हजारो पालक फीच्या रांगेत उभे राहिले, तरी शेजारच्या चर्चचे नाव काय हे त्यांनी कधी विचारले नाही. ख्रिस्ती माणसे या जिल्ह्यांत शेकडा एकसुद्धा नाहीत आणि त्यातही अकोला-खामगावकडे अलायन्स मिशनची प्रोटेस्टंट मंडळी जुनी. त्यामुळे कॅथलिक म्हणजे अल्पसंख्याकांतले अल्पसंख्याक.

वऱ्हाडचा इतिहास आपण कापूस, रेल्वे, विद्यापीठ आणि पुढारी यांच्या अंगाने लिहितो. या प्रांतात बाहेरून कोण आले, कोणत्या साथीत किती लेकरे गेली, दुष्काळात कोणाला पोरके म्हणून दाखल केले, हे शोधायचे तर जुन्या धर्मग्रामांच्या वह्या आणि दफनभूमीतले दगड वाचावे लागतील. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विभागांनी धर्मप्रांताकडे रीतसर परवानगी मागावी आणि शंभर वर्षांपूर्वीची पाने तरी छायाचित्रांत उतरवून घ्यावीत. कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आहे. नवा बिशप येईल तेव्हा पाहू, असे म्हणत थांबू नये.